चाळीस तारांचं चाक आणि न मिळणारा कोन

आधी थोडी ओळख. सायकल जुनी, इंग्रजी धाटणीची, दांड्यांच्या ब्रेकची, २८ इंची. गिअर नाहीत. पुढच्या चाकाला ३२ तारा आणि मागच्याला ४०, जुन्या इंग्रजी रोडस्टरला असायच्या तशा. रंग, मडगार्ड, सीट हे सगळं आधीच उरकलंय, त्याबद्दल इथे काही नाही. इथे फक्त हब, म्हणजे मधल्या दांड्याभोवती (एक्सलभोवती) फिरणारा चाकाचा गाभा. मला वाटलं होतं एका रविवारचं काम आहे, आठ रविवार गेले. कुणी याच वाटेने जाणार असेल तर त्याचे पाच-सहा तरी वाचावेत म्हणून नोंदी जशा लिहिल्या तशाच ठेवतोय, चुकांसकट.

२ नोव्हेंबर, रविवार

मागचं चाक रिमला धरून हलवलं की खुळखुळ वाजतं. रिमपाशी चांगला तीन-चार मिमी प्ले, म्हणजे ढिलेपणा. कोन, म्हणजे एक्सलवर आट्यांनी चढणारा, बेअरिंगचे छर्रे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा नट, आवळला की प्ले जातो, पण मग चाक हाताने फिरवताना वाळू भरल्यासारखं करकरतं. थोडा ढिला केला की परत खुळखुळ. मधली जागाच सापडत नाही. असं झालं की ग्रीस बदलून भागणार नाही, आत काहीतरी खाल्लं गेलंय, एवढं कळत होतं.

उघडलं. ग्रीस म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं, काळा, डांबरासारखा थर. डावीकडून नऊ छर्रे निघाले. उजवीकडून आठ, आणि नवव्याचे दोन तुकडे. सगळं रॉकेलमध्ये बुडवलं आणि इथे पहिली चूक केली: दोन्ही बाजूंचे कोन, वायसर, लॉकनट (कोन जागी पक्का धरणारे नट) एकाच डब्यात टाकले. कुठला कोन उजवा, कुठला डावा, कुठला वायसर कुठल्या नटखाली, काही लिहिलं नाही, फोटो काढला नाही. तुम्ही दोन डबे घ्या, आणि सुटे भाग निघाले त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवा.

धुतल्यावर बघितलं. दोन्ही कोनांवर खड्डे. एकावर बारीक, टाचणीने टोचल्यासारखे. दुसऱ्यावर मोठे, पापुद्रा उडाल्यासारखे. खड्डे पूर्ण वर्तुळभर नव्हते, साधारण तिसऱ्या हिश्श्यात. हे बरोबरच आहे, कारण एक्सल फिरत नाही. वजन कायम कोनच्या खालच्याच अंगावर येतं आणि तोच भाग झिजतो. वाटी, म्हणजे हबमधली छर्रे बसतात ती गोल खोलगट जागा, मात्र हबबरोबर फिरते, तिची झीज सगळीकडे वाटली जाते. म्हणून बहुतेक जुन्या हबमध्ये कोन आधी जातो आणि वाटी तगते.

एक गोष्ट विचित्र दिसली. मोठे खड्डे असलेल्या कोनवर छर्ऱ्यांच्या वाटेची चकचकीत रांग सरळ नव्हती. एका बाजूला ती कोनच्या जाड कडेकडे चढलेली, समोरच्या बाजूला उतरलेली. वहीत "रांग तिरकी" एवढंच लिहिलं आणि पुढे गेलो. हे वाक्य लक्षात ठेवा, मी विसरलो.

वाट्या तपासायला बॉलपेन वापरलं. टोक वाटीच्या वळणावर ठेवून हलक्या हाताने फिरवायचं. डोळ्याला न दिसणारा खड्डाही टोकाला लागतो. डावी वाटी गुळगुळीत. उजवीत एका जागी बारीकसं "टक". फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं, चेन बसते ते दातेरी चक्र) न काढताच हे केलं, त्यामुळे उजवी वाटी म्हणजे खोल विहीर. टॉर्च दातात धरून बघावं लागलं. दोन्ही वाट्या वापरण्यासारख्या आहेत असं ठरवलं.

४ नोव्हेंबर

"अख्खा हबच नवा टाक ना," असं प्रत्येक जण सांगतो. टाकला असता. पण रिमला ४० भोकं आहेत आणि आजचे बहुतेक हब ३२ किंवा ३६ भोकांचे. ४० चा हब मिळाला तरी चाक पूर्ण उसवून पुन्हा तारा भरायच्या, आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढायचा. तारांची निपलं (रिमपाशी तार आवळणारे छोटे नट) सुटतात का हे बघायला एक फिरवलं. निपल जागचं हललं नाही, तार आट्यांपाशी कट्‌कन तुटली. आता चाकाला ३९ तारा. चाक उसवायचा विचार तिथेच सोडला. हब आहे तोच वाचवायचा.

५ नोव्हेंबर

हबच्या कवचावर नाव कोरलेलं आहे. त्या नावाने शोध सुरू केला. दोन रात्री गेल्या. शेवटी "त्याच बनावटीचे, त्याच काळातले, न वापरलेले" असे कोन मिळाले, मागवले. माप विचारलं नाही. नाव जुळतंय म्हणजे माप जुळणारच, असं गृहीत धरलं.

१५ नोव्हेंबर

पाकीट आलं. तेलकट कागदात गुंडाळलेले, आरशासारखे दोन कोन. बघूनच जीव हरखला. एक्सलला लावायला गेलो तर भोकातच जाईना. पुढच्या चाकाचे कोन होते, ५/१६ इंच एक्सलचे. मागचा एक्सल ३/८ इंच. पाठवणाऱ्याची चूक नाही, मी पुढचे की मागचे हे विचारलंच नव्हतं. डबीत ठेवून दिले.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज काही न मागवता फक्त मोजमाप. हे दोन आठवडे आधी करायला हवं होतं.

एक्सलचा बाहेरचा व्यास वर्नियरवर ९.४ मिमी. आट्यांचं टोक नेहमी नाममात्र मापापेक्षा थोडं कमी भरतं, म्हणजे हा ३/८ इंच, ९.५२ मिमीचा. खरी मेख आट्यांची. जुन्या इंग्रजी सायकलींना इंचाला २६ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर ०.९७७ मिमी. मेट्रिक एक्सलला हेच अंतर बरोबर १ मिमी. फरक इतका कमी की मेट्रिक कोन इंची एक्सलवर दोन-चार फेरे गुमान चढतो, मग जड होतो, आणि तुम्ही "गंज असेल" म्हणून पाना लावता. तिथे दोघांचेही आटे जातात.

ओळखायची सोपी रीत: माहितीचा १ मिमी आट्यांचा एक्सल घ्या, आपला एक्सल त्याच्या आट्यांत आटे बसवून शेजारी धरा आणि दिव्यासमोर बघा. सुरुवातीला दात दातात बसतात. विसाव्या आट्यापाशी जवळजवळ अर्ध्या आट्याची फारकत होते आणि मधून उजेड दिसायला लागतो. माझ्याकडे तसंच झालं. म्हणजे माझा २६ चा. पट्टी लावून मोजलं तरी इंचात २६ च भरले.

दुसरा सापळा मी स्वतः चाखला. ३/८ चा साधा बारीक आट्यांचा नट हाताशी होता, तो लावून बघितला. असे नट इंचाला २४ आट्यांचे असतात. दोन फेरे गेला, अडला, आणि मी जोर केला. एक्सलच्या टोकाचे तीन आटे सपाट. तासभर त्रिकोणी कानस घेऊन एकेक आटा सोडवत बसलो.

बाकीच्यांसाठी एवढं लिहून ठेवतो: इटलीच्या कँपाग्नोलो कंपनीच्या जुन्या मागच्या हबला एक्सल १० मिमी व्यासाचा पण आटे इंचाला २६. व्यास मेट्रिक, आटे इंची. नुसता व्यास मोजून मागवणारा तिथे हमखास फसतो. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गिअरच्या एडब्ल्यू हबचा एक्सल १३/३२ इंच, आटे २६. त्या हबवाल्यांचं मात्र नशीब बरं. १९३६ पासून तोच साचा चालला, बहुतेक कवचांवर साल-महिना ठोकलेला असतो आणि भाग एकमेकांना बरेचसे लागतात. २००० साली नॉटिंगहॅमचा कारखाना बंद होऊन नाव तैवानच्या सनरेसकडे गेलं तरी तो हब बनत राहिला. तिथे नावाने शोधणं चालतं. माझ्या साध्या हबला नाही.

मग कोनचं माप. लांबी १५ मिमी. जाड भागाचा व्यास १६.८. धुळीची टोपी ज्या भोकातून कोनला वाट देते ते १८ चं, म्हणजे १७.५ च्या वरचा कोन घासणारच. छर्ऱ्यांची रांग साधारण १४.५ मिमी व्यासावर. छर्रे पाव इंची, ६.३५ मिमी, एका बाजूला नऊ. मागच्या हबला बहुतेक हेच, पुढच्याला ३/१६ चे दहा. छर्रा मोजताना जुना झिजलेला मोजू नका आणि ६ मिमीच्या छर्ऱ्याला पाव इंची समजू नका, नुसत्या डोळ्याला दोन्ही सारखेच.

हे सगळं एका कागदावर चित्रासकट काढलं. त्या कागदावर हबचं नाव लिहिलेलं नाही.

२२ नोव्हेंबर

मापं सांगून दोन जोड मिळवले.

पहिला जोड, नवा, ३/८ चा, २६ आटे. एक्सलवर लोण्यासारखा चढला. आनंद अर्धा तास टिकला. कोनच्या वळणावर काळं मार्कर फासून, नऊ छर्रे घालून, हलका आवळून चाक दहा फेरे फिरवलं आणि कोन बाहेर काढला. मार्कर जिथे पुसला गेला ती छर्ऱ्यांची वाट. ती वळणाच्या मध्यावर हवी. माझी अगदी जाड कडेला, जवळजवळ काठावरून घसरणारी. या कोनचं वळण जास्त उतरतं होतं, माझ्या वाटीला ते नको. असा बसवला असता तर पंधरा दिवसांत काठ तुटला असता. बाद.

दुसरा जोड वळणाला सुरेख, पण १ मिमी आट्यांचा. चार फेऱ्यांनंतर जड झाला, मी शहाण्यासारखा थांबलो. बाद.

मार्करची ही युक्ती फुकट आहे आणि पाच मिनिटांची. नवा कोन कितीही चकचकीत असो, हिच्याशिवाय बसवू नका.

२३ नोव्हेंबर, रविवार

जुना मोठ्या खड्ड्यांचा कोन ड्रिल मशीनमध्ये एक्सलसकट धरला आणि सहाणेच्या तुकड्याने घासून खड्डे काढायचा प्रयत्न केला. वरवर गुळगुळीत झाला. पण खड्डे खोल होते आणि कोनचा कडक थर वरचाच असतो. घासलेल्या जागी कानस टेकवून बघितली तर ती धरत होती. आतलं मऊ लोखंड उघडं पडलं. एक संध्याकाळ पाण्यात. खड्डे टाचणीएवढेच असतील तर कदाचित जमेल. त्याहून सोपा जुना उपाय म्हणजे एक्सल अर्धा फेरा फिरवून बसवायचा, म्हणजे न झिजलेलं अंग वजनाखाली येतं. तात्पुरतं चालतं.

२९ नोव्हेंबर

धीर सुटला. कागदावरचं चित्र घेऊन लेथवर दोन कोन करून आणले. आज बसवले. वळण बरोबर, मार्करची रांग मधोमध, आटे बरोबर, लांबी बरोबर. मजुरी चांगलीच पडली, पण चाक इतकं मऊ फिरलं की मी हिशेब विसरलो.

७ डिसेंबर, रविवार

आठवडाभरात चाळीसेक किलोमीटर झाले. काल परत खुळखुळ. उघडलं. ग्रीस चंदेरी झालेलं, चिमटीत चोळलं तर बारीक चमक. दोन्ही नव्या कोनांवर नख अडकेल एवढी खाच. छर्ऱ्यांनी स्वतःची वाट कोरून काढली होती.

ओळखीचे एक काका आहेत, आयुष्यभर लेथवर काम केलेले. त्यांना डबा नेऊन दाखवला. चष्मा कपाळावर सारून त्यांनी कोन नाकापाशी धरला.

"पोलाद कुठलं घेतलं होतंस?"

"होतं त्यांच्याकडे ते. साधं, बहुतेक."

"आणि पाणी कुणी पाजलं?"

"कुणीच नाही."

"मग हे कोन नाहीत रे. कोनचे पुतळे आहेत."

खिशातली छोटी कानस काढून त्यांनी माझ्या नव्या कोनवर ओढली, ती खर्रकन धरली आणि भुगा पडला. मग माझाच जुना खड्ड्यांचा कोन घेऊन न झिजलेल्या जागी ओढली. काचेवरून घसरावी तशी घसरली, ओरखडाही नाही. दहा सेकंदांची परीक्षा. लेथवाल्याने मी सांगितलं ते चोख करून दिलं होतं, कडक करायला, म्हणजे पाणी पाजायला, मी सांगितलंच नव्हतं.

असे कोन करायचेच तर बेअरिंगचं पोलाद हवं, ईएन ३१. आकार देऊन ८३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात बुडवायचं, मग ठिसूळपणा कमी करायला १५० ते २०० अंशांवर पुन्हा तापवायचं, आणि शेवटी वळण ग्राइंड करून पॉलिश. कडक करताना आकार किंचित हलतो, म्हणून शेवटचं ग्राइंडिंग टाळता येत नाही. दोन कोनांसाठी हा खटाटोप कुणी करणार नाही. दहा जणांनी मिळून वीस करून घेतले तर गोष्ट वेगळी.

तेवढ्यात काकांच्या हाती डब्यातला दुसरा भाग लागला. "ही रांग बघितलीस? एका अंगाला चढलीय."

"हो, लिहून ठेवलंय."

"लिहून ठेवलंयस आणि एक्सल नाही बघितलास?"

टेबलावरच्या काचेवर त्यांनी एक्सल ठेवला आणि बोटाने लोटला. सरळ एक्सल काचेवर आवाज न करता गडगडतो. माझा टुकटुक करत गेला. एका ठिकाणी थांबवून खाली बघायला लावलं. मधोमध फट, पोस्टकार्ड सरकेल एवढी. वाक उजव्या बाजूला, फ्रीव्हील येतं तिथे. या प्रकारच्या हबमध्ये उजवे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला असतात, त्यामुळे फ्रेमपर्यंतचा एक्सलचा तुकडा आधाराशिवाय असतो. कॅरिअरवर ओझी लादून खड्ड्यांतून चालवली की तो तिथेच वाकतो.

वाकलेल्या एक्सलवर कोन तिरका बसतो आणि छर्ऱ्यांची वाट तिरकी होते. सगळं वजन दोन-तीन छर्ऱ्यांवर येतं आणि कोन खाल्ला जातो. म्हणजे माझे कोन ग्रीसच्या अभावी गेले असं मी पाच आठवडे समजत होतो, आणि ते वाकलेल्या एक्सलने खाल्ले होते. मी त्याच वाकड्या एक्सलला लागतील असे २६ आट्यांचे कोन शोधत बसलो होतो. हवे तसे सोन्याचे कोन मिळाले असते तरी वर्षभरात गेले असते.

घरी येऊन २ नोव्हेंबरची नोंद परत वाचली. "रांग तिरकी."

८ डिसेंबर

एक्सलच बदलायचा म्हटल्यावर शोध एकदम सोपा झाला. आता सुटे कोन शोधायचे नाहीत, एक्सल, दोन कोन, लॉकनट, वायसर असा पूर्ण सेट शोधायचा. एकाच सेटमधले आटे एकमेकांना जुळलेलेच असतात, २६ की १ मिमी हा प्रश्नच मिटतो. उरतात तीनच अटी: कोनचं वळण माझ्या वाटीला बसलं पाहिजे, एक्सल फ्रेमच्या खाचेत गेला पाहिजे, आणि लांबी पुरली पाहिजे. माझ्या फ्रेमच्या खाचा ३/८ च्याच, १० मिमीचा एक्सल घेतला तर फ्रेमला कानस लावावी लागेल. फ्रेमला कानस लावायची नाही हे आधीच ठरवलंय. उद्या कुणाला मूळ एक्सल मिळाला तर तो ढिला पडायला नको.

१३ डिसेंबर

भंगारात निघालेल्या एका ३६ तारांच्या चाकातून सेट मिळाला. हबवर नाव नाही, देश नाही, काही नाही. एक्सल ३/८, काचेवर गडगडवला, आवाज नाही. कोनांवर हलकी चकचकीत रांग, सरळ. कानस घसरते. मार्करची परीक्षा: वाट मधोमध. जाडी १७, धुळीच्या टोपीतून मोकळा. फक्त कोन माझ्यापेक्षा २ मिमी आखूड, दोन्ही. एक्सल माझ्यापेक्षा ६ मिमी लांब, ते उलट बरंच, कारण कॅरिअर आणि मडगार्डच्या पट्ट्या त्याच नटखाली येतात.

ज्या नावाच्या मागे सहा आठवडे होतो त्या नावाशी या सेटचा काडीचा संबंध नाही.

१४ डिसेंबर, रविवार

बसवणी. छर्रे सगळे नवे, एकाच डबीतले, अठरा. जुन्यातले "चांगले" निवडून मिसळू नका. बाकीच्यांपेक्षा केसभरच मोठा असलेला छर्रा सगळं वजन एकटा झेलतो.

वाटीत ग्रीसची जाड गादी, त्यात छर्रे चिमट्याने एकेक टोचून बसवले. नऊ बसल्यावर थोडी फट उरते, ती असायलाच हवी. दहावा कोंबायचा मोह होतो, कोंबू नका.

कोन २ मिमीने आखूड असल्याने दोन्ही बाजूंना २ मिमीचे वायसर हवे होते. घाईत दोन्ही डावीकडेच घातले. एकूण रुंदी तीच भरली, ११० मिमी, म्हणून वाटलं जमलं. चाक फ्रेममध्ये घातलं तर फ्रीव्हील फ्रेमला घासतंय आणि रिम उजवीकडच्या ब्रेकच्या रबराला टेकतंय. सगळा हब २ मिमी उजवीकडे सरकला होता. काढलं, एक वायसर उजवीकडे घातला. हे लिहायला दोन ओळी लागल्या, करायला दीड तास, कारण मधे छर्रे सांडले.

कोन लावायची रीत प्रत्येकाची वेगळी. माझी अशी: बोटाने कोन टेकेपर्यंत आवळायचा, मग साधारण आठवा हिस्सा मागे, मग कोन पातळ पान्याने धरून लॉकनट आवळायचा. लॉकनट आवळताना कोन आत ढकलला जातो, त्यामुळे जे बरोबर वाटत होतं ते घट्ट होतं. परत सोडा, परत लावा. मला नऊ वेळा लागलं. साधा जाड पाना कोनच्या कडांवर बसत नाही, बसवायला गेलात तर लॉकनटलाही धरतो आणि दोन्ही एकत्र फिरतात. पातळ पाना नसेल तर हे काम सुरूच करू नका.

शेवटी चाक फ्रेममध्ये आवळून मागचं टोक उचललं, हलकेच फिरवलं आणि सोडलं. चाक थांबत आलं, मग स्वतःच थोडं उलटं फिरून व्हॉल्व्ह खाली आणून थांबलं. व्हॉल्व्हच्या वजनाने चाक हलतंय म्हणजे आत करकर नाही. रिम धरून हलवलं, खुळखुळ नाही. खाली बसून तीन-चार वेळा परत केलं, काही गरज नव्हती.

२१ डिसेंबर, रविवार

आठवड्यात ७० किमी. उघडून बघितलं नाही, फक्त हलवून. ठीक.

हात शिवशिवत होते म्हणून पुढचं चाक उघडलं. ५/१६ एक्सल, काचेवर सरळ. कोनांवर खड्डे. आणि १५ नोव्हेंबरला चुकून आलेले ते तेलकट कागदातले दोन कोन डबीत होतेच. लावले. मार्करची वाट मधोमध. वीस मिनिटांत काम झालं, छर्रे ३/१६ चे दहा-दहा.

पुढची एक वाटी मात्र जरा खराब आहे. दाबून बसवलेली आहे, समोरच्या बाजूने सळई घालून ठोकली तर निघेल असं वाटतं, पण तशाच मापाची दुसरी हाती असल्याशिवाय ठोकणार नाही. वाटी मिळालीच नाही तर बंद बेअरिंग बसवायचा मार्ग आहे. ३/८ च्या एक्सलला आर६ नावाचं बेअरिंग अचूक बसतं, ते आतून ३/८ आणि बाहेरून ७/८ इंच. ५/१६ ला ६०८ जवळ येतं, ८ मिमी आणि एक्सल ७.९४. पण दोन्हीत हबमध्ये बसवायला बाहेरून कडं करून घ्यावं लागतं आणि मग परतीचा रस्ता नाही. आत्ता नको.

हिशेब: लेथवरच्या पुतळ्यांची मजुरी भंगारातल्या सेटच्या जवळजवळ तिप्पट. नावाच्या मागे लागून घेतलेले कोन सगळ्यात महाग, निदान पुढच्या चाकाला लागले. बाद जोड दोन, त्यातला १ मिमीवाला कुणाला हवा असेल तर वळण चांगलं आहे त्याचं. प्रत्यक्ष उघडणं-बसवणं धरून दोन दिवसांचं काम, बाकी सगळा शोध.

मागच्या उजव्या वाटीतलं ते "टक" अजून आहे. चाक अगदी सावकाश फिरवलं आणि फ्रेमला कान लावला तर ऐकू येतं. चालवताना नाही. ३०० किमी झाल्यावर उघडून बघेन. आणि चाळिसावी तार राहिलीच आहे.